गेटसमोरचं झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान: चार स्टार, पाचवा एका रफारापायी गेला

विद्यापीठाची तपासणी करणारी नॅकची टीम येऊन गेली, पाहुणचार झाला, पोर्चमधल्या कुंड्या ज्या नर्सरीतून भाड्याने आणल्या होत्या तिथे परत गेल्या आणि आता कुठे जरा श्वास घ्यायला वेळ मिळालाय म्हणून हा रिव्ह्यू लिहायला बसलेय. दोन वर्षं लिहीन लिहीन म्हणत होते. दुकानाचं नाव लिहीत नाही, खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि काका माणूस चांगलाय, उगाच धंद्याला नाट नको. तसंही बोर्डवरचं नाव उन्हाने पार उडालंय, "झेरॉक्स" एवढंच वाचता येतं. सगळे गेटसमोरचं दुकानच म्हणतात. विद्यापीठाचं नाव पण नको, अजून तिथेच नोकरीला आहे, अकरा महिन्यांचा करार आहे आणि दहावा महिना लागला की माझ्या पोटात गोळा येतो.

मी बीएला होते तेव्हा इथे द्राक्षबागा होत्या. नाशिकच्या कडेकडेने आता जे सगळीकडे झालंय तेच इथे झालं, आधी कंपाऊंड मग कमान मग एक बिल्डिंग, आता सातव्या बिल्डिंगचा स्लॅब पडलाय. पोरं सुरगाणा, पेठ, कळवणपासून ते थेट बिहार-झारखंडपर्यंतची. लिफ्टमध्ये बाई बोलते, सेमिनार हॉलला एसी आहे, फक्त स्टाफरूमच्या प्रिंटरला टोनर नाही. टोनर हवं तर इंडेंट, म्हणजे मागणीचा फॉर्म भरा, त्यावर एचओडींची सही, मग डीन सर, मग स्टोअर, आणि स्टोअरवाला कायम जेवायला गेलेला. गेल्या जुलैत भरलेला इंडेंट अजून "प्रोसेसमध्ये आहे". नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापतात आणि त्याच गावात मला हजेरीचा एक कागद छापून मिळत नाही, मग काय, रस्ता ओलांडायचा.

रस्ता ओलांडला की दहा बाय बाराचा गाळा. दोन मोठी झेरॉक्स मशीन, एक कलर प्रिंटर, एक कटिंग मशीन, एक स्पायरलचं भोकं पाडायचं यंत्र आणि कोपऱ्यात काकूंचा कॉम्प्युटर. काका बायंडिंग आणि गल्ला बघतात, काकू टायपिंग, आणि त्यांचा भाचा मशीनवर. पोरगं विशीतलं आहे पण हात असा चालतो की सत्तर पानांची फाईल दोन्ही बाजूंनी छापून, टोकं आपटून, स्टेपल मारून तुमच्या हातात, तोवर तुमचा यूपीआयचा पिन टाकून व्हायचाय. रेट सांगून टाकते, सध्या एका बाजूला एक रुपया, पाठपोट दीड, कलर दहा, स्पायरल पानांच्या जाडीवर चाळीसच्या पुढे. कागद पंचाहत्तर जीएसएमचा वापरतात, शाई मागून दिसत नाही. कॉलेज रोडला स्वस्त मिळतं असं पोरं सांगतात, मिळत असेल, पण जायला-यायला दीड तास आणि कुंभमेळ्याची कामं चालू असल्याने कुठला रस्ता कधी खोदलेला असेल ते देवाला माहीत.

दुकान खरं कळतं ते अॅडमिशनच्या दिवसांत. जूनपासून सकाळी साडेआठलाच रांग असते. सुरगाण्याकडून बाप-लेक पहाटेच्या एसटीने आलेले असतात, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, सगळं घडी घालून घालून मऊ पडलेलं. बापाला कळत नाही कशाच्या किती कॉपी काढायच्या. आमच्या अॅडमिशन काउंटरवर विचारलं तर उत्तर येतं, "वेबसाईटवर सगळं आहे." काका मात्र पिशवी उपडी करतात, पत्ते पिसावे तसे कागद पसरतात आणि सांगतात, "हे तीन, हे दोन, हे नको, आणि हे बघा भाऊ, नॉन-क्रिमीलेयर मागच्या वर्षीचंय, ३१ मार्चला संपलं, आधी नवीन काढा नाहीतर तिकडून परत पाठवतील." बिहारच्या पोरांना मायग्रेशन सर्टिफिकेटचं समजावतात ते हिंदी ऐकण्यासारखं असतं, "देखो बेटा, मायग्रेशन ओरिजिनल लगता, उसका झेरॉक्स को कोई विचारता नही." महाडीबीटीचे, म्हणजे स्कॉलरशिपचे, फॉर्म काकू भरून देतात, पन्नास रुपये घेतात, पण ओटीपी येईपर्यंत पोराला बसायला स्टूल देतात. आम्हाला अॅडमिशनच्या ड्युट्या लागतात, गावोगाव जाऊन माहितीपत्रकं वाटायची, टार्गेट पण असतं आणि ते पूर्ण झालं नाही तर मीटिंगमध्ये उभं करतात. काकांना टार्गेट नाही तरी आमच्यापेक्षा जास्त अॅडमिशन त्यांच्यामुळे टिकत असतील असं मला खरंच वाटतं.

आता नॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नॅक ही बंगळुरूची संस्था, १९९४ पासूनची, कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करते. दोन बॅचेस बाहेर पडल्या किंवा सहा वर्षं झाली की अर्ज करता यायचा, आमचा हा पहिलाच नंबर. २०१७ नंतर पद्धत बदलली, आमच्या वेळी साधारण सत्तर टक्के मार्क ऑनलाईन भरलेल्या आकड्यांवर आणि तीसेक टक्के टीम प्रत्यक्ष येऊन बघते त्यावर होते. सगळं ऑनलाईन म्हटल्यावर कागद कमी होतील असं मला वाटलं होतं, येडी मी. एकूण सात क्रायटेरिया, प्रत्येकाखाली शेपटासारखे उपप्रश्न आणि प्रत्येक उत्तराला पुरावा. पुरावा म्हणजे काय, तर वर्डमध्ये टाईप करा, प्रिंट काढा, त्याच्यावर सही घ्या, गोल शिक्का मारा, मग तो कागद परत स्कॅन करा, पीडीएफ करा, साईज कमी करा, अपलोड करा. म्हणजे ऑनलाईन झाल्यापासून एकाच कागदाची दोनदा वारी, जाताना छापायला आणि येताना स्कॅनला. काका सांगतात की पूर्वी त्यांचा सिझन फक्त परीक्षेचा असायचा, आता बारा महिने.

शेवटच्या तीन रात्री आम्ही सात-आठ जणी आणि चार सर त्या गाळ्यात काढल्या, डिसेंबरातली थंडी, तुम्हाला माहितीय नाशिकची थंडी काय असते, शटर अर्धं खाली, मशीनच्या मागे जी गरम हवा येते तिथे हात शेकायला नंबर लावत होतो. क्रायटेरिया थ्रीची मॅडम खुर्चीत झोपली होती, तिच्या मांडीवर जिओटॅगवाल्या, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या, फोटोंचा गठ्ठा, वृक्षारोपणाचे फोटो, तेच झाड तीन कोनांतून. दीड वाजता ड्रम गरम होऊन मशीन बसलं. भाच्याने झाकण उघडलं, अडकलेला कागद चिमटीत धरून इतक्या हळू ओढला की पायातला काटा काढावा, मग ब्रशने टोनर झटकलं, दहा मिनिटं मशीनला "झोपू द्या" म्हणाला आणि तेवढ्यात काकूंनी घरून चहा आणि फोडणीचा भात आणला. बिलात तो लावला नव्हता. बिल विद्यापीठाच्या नावावर होतं, ते पास व्हायला किती महिने लागले ते मी लिहीत नाही, काकांनी गल्ल्यावर चिठ्ठी लावलीय, "संस्थेची उधारी बंद", त्यावरून समजून घ्या.

त्या तीन रात्रींत बिघडलेले कागद, म्हणजे तिरके आलेले, शिक्का चुकलेले, त्यांचा एक ढीग झाला. एका बाजूने कोरे. काका असले कागद टाकत नाहीत, दोरीने बांधून ठेवतात आणि ज्याला लागतील त्याला फुकट देतात. आता आमच्या गेटवर एक सिक्युरिटीवाले दादा आहेत, चव्वेचाळीस-पंचेचाळीस वय, मुक्त विद्यापीठातून बीए करतात. मी रविवारी तिथल्या एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून, म्हणजे शिकवायला, जाते, म्हणून ओळख. नाशिकच्या बाहेरच्यांना मुक्त विद्यापीठ म्हणजे नुसतं दूरशिक्षण वाटतं, आमच्यासाठी ते गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला लागणारं हिरवंगार कॅम्पस आहे, १९८९ साली सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीदवाक्य "ज्ञानगंगा घरोघरी". सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली कितीतरी माणसं शिफ्ट करून तिथून पदवीधर झालीत, पूर्वी तर बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी करून बीएला बसता यायचं. तर हे दादा नाईट ड्युटीला उत्तरं लिहायचा सराव करतात, त्यासाठी काकांकडून हे पाठकोरे कागद नेतात. एकदा मला दाखवायला आणले, "मॅडम, एवढं बघून द्या." एका बाजूला निळ्या पेनाने ग्रामपंचायतीची कार्ये, सुवाच्य, मुद्दे अधोरेखित. उलटं करून बघितलं तर आमच्या नॅकच्या कागदांतलं बेस्ट प्रॅक्टिस नंबर दोन, मूल्याधिष्ठित शिक्षण. मला इतकं हसू आलं की दादा घाबरले, म्हणे काही चुकलं का.

त्याच गठ्ठ्यात दुसरा कागद निघाला आणि हसू गेलं. शिक्षकांची यादी होती. अनुक्रमांक तेवीसला माझं नाव, पुढे पदनाम, पुढे रकाना, "पूर्णवेळ, नियमित". मी अकरा महिन्यांवर, आणि कागदावर मी नियमित. दादांनीच बोट ठेवलं, "मॅडम, अभिनंदन, पर्मनंट झालात वाटतं." आता यात दुकानाची चूक किती आणि बाकीच्यांची किती हा वेगळा विषय आहे, पण दुकानाला एवढं सांगेन की काका, बिघडलेले कागद देताना एकदा मजकूर बघत जा हो, पगाराचे, मार्कांचे, आधारचे कागद त्यात जाऊ नयेत. मी त्यांना तोंडावर सांगितलंय. आता त्यांनी कटिंग मशीनशेजारी एक खोकं ठेवलंय, नावं असलेले कागद त्यात जातात आणि रात्री चार-चार तुकडे होतात. वर्षभर आधी ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण मग मला हे कळलंच नसतं, हे पण आहेच.

आता पीएच.डी.वाल्यांसाठी, कारण बरेच जण प्रबंधासाठीच इकडे येतात. माझा प्रबंध मराठीतून होता, विषय द्राक्षबागांतले मजूर आणि छोटे शेतकरी, दिंडोरी आणि निफाड तालुका. टायपिंग काकूंनी केलं. काकू मराठी चाळीसची परीक्षा पास आहेत, टाईपरायटरच्या काळातल्या, कीबोर्डकडे बघत नाहीत, भाजीच्या भावाबद्दल बोलत बोलत तुमचं तिसरं प्रकरण टाईप करतात. अडचण एकच, त्यांचा हात जुन्या फॉन्टवर बसलेला, युनिकोडवर नाही. जुन्या फॉन्टमध्ये काय असतं, स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत इंग्रजी कीबोर्डची चिन्हंच साठवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं-चिन्हांची नुसती खिचडी दिसते. आणि विद्यापीठाला वाङ्मयचौर्य तपासायला युनिकोडच लागतं. २०१८ च्या यूजीसीच्या नियमाने दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या वर चाळीसपर्यंत गेलं तर दुरुस्ती करा, साठपर्यंत गेलं तर वर्षभर थांबा, साठच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. आमच्या ओळखीतल्या एका सरांचा जुन्या फॉन्टमधला प्रबंध तसाच चेक झाला आणि साम्य शून्य टक्के आलं, मशीनला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं, सर पेढे वाटून मोकळे. नंतर परत तपासला तेव्हा काय झालं ते सर सांगत नाहीत.

काकू हे सगळं कन्व्हर्ट करून देतात पण कन्व्हर्ट झाल्यावर तुम्ही स्वतः ओळ न् ओळ वाचा, हात जोडून सांगते. जोडाक्षरं तुटतात, "द्ध"चा "ध्द" होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपला डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा ऱ. मी आतली तीनशे बारा पानं तीनदा वाचली. कव्हर वाचलं नाही.

बायंडिंगचं काम बघण्यासारखं असतं म्हणून त्या दिवशी मी थांबले होते. काकांनी गठ्ठा शिकंज्यात आवळला, पाठीला करवतीने बारीक खाचा पाडल्या, दोरा ओवला, लेई लावली. लेई घरी शिजवलेली, मैद्याची, त्यात मोरचूद टाकतात म्हणजे वाळवी-झुरळ लागत नाही. मग पुठ्ठा, वर काळं रेक्झिन, कडा आत दुमडताना कोपऱ्याला करंजीसारखी चुण्यांची मुरड. रात्रभर दाबाखाली. दुसऱ्या दिवशी सोनेरी अक्षरं, गरम ब्लॉक आणि सोनेरी कागद, दाबला की चर्रर्र आवाज येतो. काकांनी पहिली प्रत माझ्या हातात दिली, रेक्झिन अजून कोमट होतं, मी वास घेतला, डोळ्यात पाणी बिणी, सात वर्षं गेली होती या पुस्तकात. आणि मग वाचलं. "शेतकर्यांच्या". य वर रफार. शेतकऱ्यांच्या नाही, शेतकर्यांच्या, आचार्यांच्या असतं तसा. पाचही प्रतींवर. काका म्हणाले, "मॅडम, कोणाच्या लक्षात नाही येणार." मी म्हटलं, काका, माझे गाईड मराठीचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर पान परत करतात. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती.

काकांनी वाद घातला नाही, रात्री साडेनऊला रविवार कारंज्यावर त्यांच्या ओळखीच्या ब्लॉकवाल्याला उठवलं, नवीन ब्लॉक केला, चार प्रतींची कव्हरं फाडून पहाटेपर्यंत परत चढवली. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पण पाचव्या प्रतीला रेक्झिन संपलं. ती तशीच राहिली, ती माझी घरची. चूक काकूंची, की कन्व्हर्टरची, की मी कव्हरचं प्रूफ न वाचता सही केली म्हणून माझी, यावर आमचं अजून एकमत नाही, तोवर स्टार चार.

एक जाता जाता. पोरं क्रमिक पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून नेतात तेव्हा काका जरा बिचकतात, कोणीतरी त्यांना केस होईल म्हणून सांगितलंय. त्यांना मी दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्याची गोष्ट सांगितली, परदेशी प्रकाशकांनी त्याच्यावर केस केली होती आणि २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की शिकवण्यासाठी अशी संकलनं छापणं कायद्यात बसतं. अख्खं पुस्तक छापून बाजारात विकणं वेगळं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्याचं दुकान चालू आहे ना अजून?" मायक्रो झेरॉक्स मात्र ते करत नाहीत, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं खिशात मावतील अशा चिठ्ठ्या मागायला येतात, काका "मायक्रो झेरॉक्स मिळणार नाही" या आतल्या पाटीकडे बोट दाखवतात. सोबत थोडं भाषणही मिळतं, त्याची तयारी ठेवा.

बाकी बारीकसारीक. बसायला जागा नाही. दुपारी दीड ते अडीच बंद, तेव्हा काका जेवतात आणि फोन उचलत नाहीत. पावसाळ्यात कागद ओलसर होतो, स्पायरल करून घेतलेली फाईल फुगते, ऑगस्टमध्ये ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या कव्हरचं पक्कं बायंडिंग, करायचं असेल तर एक दिवस आधी द्या. ज्यांना अजून सीडी जमा करायला लागते, आणि लागते, तुमचा लॅपटॉप नवा असेल तर त्यात सीडीचा ट्रे नसणार, काकांकडे एक जुनापुराणा कॉम्प्युटर फक्त त्यासाठी जिवंत ठेवलाय, पन्नास रुपयांत राईट करून वर मार्करने नाव पण लिहून देतात. शोधगंगावर, म्हणजे देशभरचे प्रबंध ठेवतात त्या साईटवर, टाकायला प्रकरणवार वेगळ्या पीडीएफ लागतात त्या पण काकू करतात, पण आधीच सांगा, नाहीतर सगळी एकच फाईल मिळेल.

आणि हो, पेनड्राइव्ह परत घ्यायला विसरू नका. गल्ल्यामागे श्रीखंडाचा एक मोठा डबा आहे, विसरलेले पेनड्राइव्ह सगळे त्यात, दीडशे तरी असतील, काहींवर चिकटपट्टीने नावं आहेत, "क्रायटेरिया ५ फायनल", "फायनल फायनल", "हे खरं फायनल". माझा लाल रंगाचा नॅकच्या रात्रीपासून त्यातच आहे. उद्या दुपारी अडीचनंतर जाऊन शोधणार आहे, कोणाला माझ्याआधी सापडला तर काकांकडेच ठेवा.